यंदाचे सर

रज्जाक सर आमच्या शाळेत आठ-नऊ वर्षं होते आणि शेवटच्या दिवसापर्यंत त्यांना सगळे 'यंदाचे सर' म्हणत. मुली म्हणत, खिचडी शिजवणाऱ्या शेवंताबाई म्हणत, पुढेपुढे तर टपाल घेऊन येणारा माणूसही व्हरांड्यात उभा राहून मला विचारायचा, "मॅडम, यंदाचे सर हायेत का वर्गात?" जो माणूस सालोसाल तिथंच आहे तो 'यंदाचा' कसा, असं बाहेरच्याला वाटेल. त्यासाठी आमच्याकडची शिट्टीची वहिवाट सांगायला हवी.

आमची शाळा झरी जामणी तालुक्यात, जंगलाच्या काठाला. आठवी ते दहावी. सरकारी भाषेत आमचं गाव 'अवघड क्षेत्रात' येतं. अवघड कोणाला, ते कुठं लिहिलेलं नाही. कोलाम आदिवासींच्या पोडांवरून, म्हणजे जंगलातल्या वस्त्यांवरून, आणि आजूबाजूच्या वाड्यांवरून मुली पायी येतात, आणि त्यांचे पाय असे काही चालतात की खो-खोत त्यांना कोणी शिवून दाखवावं. फक्त शिकवायला कोणी नव्हतं. क्रीडाशिक्षकाची जागा मी मारेगावहून इथं रुजू झाले तेव्हाही रिकामीच होती. म्हणून शिक्षकांच्या खोलीत एका खिळ्याला शिट्टी टांगलेली असायची, आणि जो सगळ्यात शेवटी रुजू होईल त्याच्या गळ्यात ती पडायची. मग तो संस्कृतचा असो की चित्रकलेचा. गळ्यात शिट्टी पडलेला माणूस दुसऱ्या दिवसापासून फाटकाकडे डोळे लावून बसायचा, कारण नवा कोणी आला की सुटका. कोणाची बदली व्हायची, कोणाचं कंत्राट संपायचं. एका सरांनी गुडघ्याचं कारण सांगून शिट्टी उतरवली आणि त्याच महिन्यात भावाच्या वरातीत नाचताना दिसले.

या सगळ्यात मुलींनी एक सोय करून घेतली होती. त्या नावं पाठ करण्याच्या भानगडीतच पडत नसत. 'मागच्या सालचे सर', 'त्याच्या आंधीचे सर', आणि सध्या जे कोणी असतील ते 'यंदाचे सर'.

रज्जाक सर पुसदचे. वडिलांचं आणि भावांचं तिथं गाड्यांचं गॅरेज, आणि घरातला हा एकच मुलगा शिकून हिंदीचा मास्तर झालेला. शिकला तरी गॅरेज काही त्यांच्या बोलण्यातून गेलं नाही. एखादा मुलगा वर्गात पेंगला तर म्हणायचे, "याचं इंजिन थंड हाय, चोक ओढा लागते." मला सर्दी झाली की, "मॅडम, कार्बोरेटरमंदी कचरा आला तुमच्या." अंगानं भरलेले, चालताना किंचित डुलणारे, शर्टाच्या खिशात कायम शेंगदाणे. त्यांना पाहून हा माणूस खो-खो शिकवेल असं गंमत म्हणूनही कोणी बोललं नसतं.

पहिल्याच दिवशी मुख्याध्यापकांनी खिळ्यावरची शिट्टी काढली आणि सत्कार करावा तशी त्यांच्या गळ्यात घातली. सर मैदानावर गेले. मी व्हरांड्यातून बघत होते, कारण नव्या माणसाची फजिती बघणं ही आमच्याकडे एकमेव करमणूक होती. मुली ओळीत बसल्या होत्या. आठवीतली सुनिता, काटकुळी आणि तोंडाची फटकळ, उभी राहिली आणि तिनं नेहमीचा प्रश्न टाकला.

"सर, तुमी किती दिवस?"

आमच्या मुली प्रत्येक नव्या सरांना हेच विचारत. त्यात उद्धटपणा नव्हता. किती शिकून घ्यायचं आणि किती जीव लावायचा, याचा अंदाज त्या बांधून घेत असाव्यात. याआधीचे सर 'पाहू', 'बघू', 'वर ठरतं ते' असलं काहीतरी पुटपुटत. रज्जाक सरांनी मूठभर शेंगदाणे तोंडात टाकले आणि म्हणाले, "तुही दहावी होईपर्यंत."

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांचा विश्वास बसला नाही, पण त्यांनी ते लक्षात ठेवलं.

इथंच माणूस अडकला. पुढच्या जूनमध्ये नवी आठवी आली. नव्या मुलींमधली एक उभी राहिली आणि तिनं तोच प्रश्न विचारला. आता सुनिताला एक सांगितलं आणि हिला दुसरं कसं सांगायचं? सर म्हणाले, "तुही दहावी होईपर्यंत." त्याच्या पुढच्या जूनला पुन्हा तेच, आणि मधे नवे शिक्षक आले तरी शिट्टी सरांच्याच गळ्यात राहिली. बदल्यांचा हंगाम आला की आमच्याकडचे सगळे शिक्षक नवस बोलल्यासारखे पुसद, यवतमाळ, वणी अशी नावं घेत. 'अवघड क्षेत्रा'तल्यांना आधी संधी, त्यामुळे सरांना घर गाठणं सहज शक्य होतं. पण दर वर्षी कोणीतरी एक मुलगी आठवीत असायचीच.

मी एकदा म्हटलं, "सर, तुम्ही हिंदीचे म्हणून हा हिशेब सांगते. दर वर्षी नवी आठवी येणार, म्हणजे तुमची दहावी काही कधी होत नाही."

"मले बी आता समजून राह्यलं मॅडम," ते डोकं खाजवत म्हणाले. "पहिल्या दिवशी जरा विचार करून बोला लागत होतं."

खो-खो त्यांना येत नव्हता, ते त्यांनी लपवलं नाही. पहिला महिनाभर मुलीच त्यांना शिकवत होत्या. हातात नियमांचं पुस्तक घेऊन ते मुलींच्या ओळीत पाटीवर बसून बघत, आणि खो मिळाल्यावर उठताना त्यांना इतका वेळ लागे की मुली हसून आडव्या पडत.

मैदानावर खांब मात्र एकच होता. दुसरा खांब रोवायचा तर मुख्याध्यापकांच्या मते वरून मंजुरी हवी. शेवटी दुसरा खांब म्हणून झेंड्याचा खांब धरायचं ठरलं. मुख्याध्यापक परवानगीला तयार झाले, पण एका अटीवर. झेंड्याच्या खांबाचा मान राखला गेला पाहिजे, हात लावण्याआधी मान लववून नमस्कार. मुलींनी तेही अंगवळणी पाडून घेतलं. पाठलाग करत यायचं, खांबापाशी पटकन मान लववायची आणि वळायचं. इतकं की झेंडा नसलेल्या खांबालाही त्या नमस्कार करू लागल्या.

तालुक्याच्या सामन्यात व्हायचं ते झालं. सुनिता समोरच्या मुलीच्या अगदी मागे, हात लांबवला की ती बाद. तेवढ्यात खांब आला. सुनितानं थांबून मान लववली. समोरची मुलगी पसार. प्रेक्षकांत हशा पिकला. आमची प्रत्येक मुलगी प्रत्येक खांबाला नमस्कार करत होती, आणि सामना हातचा गेला. परतीच्या वाटेवर टेम्पोत मुली रडत होत्या आणि सर खिडकीतून बाहेर तोंड करून बसले होते. मला वाटलं, त्यांनाही वाईट वाटलं. नंतर कळलं, हसू आवरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः खड्डा खणून सागाचा खांब रोवला, मंजुरीबिंजुरी न विचारता. पण नमस्काराची सवय त्यांनी मोडू दिली नाही. "ब्रेकचा उपयोग थांबासाठीच असते असं थोडी हाय," म्हणाले. पुढच्या वर्षी त्याच मैदानावर आमची मुलगी खांबापाशी आली आणि तिनं मान लववली. समोरची थांबून हसू लागली, आणि आमचीनं उलट्या बाजूनं झडप घालून तिला गारद केलं. त्या हुलीला आता तालुक्यात आमच्या शाळेच्या नावानं ओळखतात. मुख्याध्यापक कौतुकानं सांगतात की कल्पना मूळ त्यांची.

सरांची मोटरसायकल हा आणखी एक विषय. गॅरेजवाल्यांच्या घरातला माणूस आणि गाडी अशी की धक्का मारल्याशिवाय सुरूच होत नसे. संध्याकाळी सराव संपला की मुली फाटकापाशी गाडीमागे जमायच्या, सर वर बसायचे आणि सगळा संघ मिळून गाडी ढकलायचा. नाल्याच्या पुलापर्यंत गेली की कुठं इंजिन खोकायचं. मी विचारलं, "दुरुस्त का करत नाही हो?" तर म्हणाले, "दुरुस्त केली त पोरीइचा शेवटचा व्यायाम बंद होईन ना." मला ते खरंच वाटलं होतं. पुढे लक्षात आलं, गाडी दाखवायला गॅरेजपर्यंत न्यायची म्हणजे पुसदला जायला हवं, आणि पुसदला जायलाच त्यांना सवड नव्हती.

सवड कुठून असणार? आमच्या शाळेत 'तेवढं' नावाचा एक विषय आहे आणि तो रज्जाक सर शिकवत. "रज्जाक सर, तेवढं मतदार यादीचं बघा." "तेवढी खिचडीची चव घ्या." "तेवढे वृक्षारोपणाचे फोटो चढवा, आजच्या आज मागितलेत." गणिताचे सर निघून गेले तेव्हा, "तेवढं गणित सांभाळून घ्या, नवीन माणूस येईपर्यंत." नवीन माणूस येऊन निघूनही गेला, तरी गणित सरांकडेच राहिलं. सकाळी ते घरोघर सर्वेक्षण करत, दुपारी हिंदी आणि गणित, मग मैदान. शनिवारी एसटीनं पुसद आणि रविवारी परत, तेही रविवारी सामने नसतील तर. आणि चांगल्या संघाला रविवारी सामने असतातच. मला मनापासून राग यायचा. मुख्याध्यापकांचा यायचा, वरून येणाऱ्या फर्मानांचा यायचा आणि 'नाही' हा शब्द न शिकलेल्या या माणसाचाही यायचा.

एका वर्षी ईदच्या दुसऱ्याच दिवशी जिल्ह्याचा सामना होता. सर ईदला जेमतेम घरी जाऊन लगोलग परतले. दोन दिवसांनी एसटीतून त्यांच्या पत्नी, शबाना भाभी, डबा घेऊन उतरल्या. स्टीलचा मोठा डबा, शीरखुर्म्यानं भरलेला. भाभी मैदानावरच्या कडुनिंबाखाली बसल्या आणि एकेका मुलीला वाटी भरून दिली. मुली लाजत लाजत तीनतीन वाट्या प्यायल्या. आठवीत नुकतीच आलेली पायल, बारकी, मोठ्या डोळ्यांची, तळाशी राहिलेले काजू बोटानं काढत होती. भाभी तिच्याकडे बघत म्हणाल्या, "तुमी सारे याइले इचारता म्हणे, किती दिवस?"

पायलनं मान हलवली. जूनमध्ये तिनंच विचारलं होतं.

"मंग मले बी इचारायचं हाय," भाभी सरांकडे वळल्या. "तुमी घरी किती दिवस?"

सर हसले. "शबाना, तुही दहावी कवाच झाली!"

आम्ही सगळे हसलो. मीही हसले. भाभी हसल्या नाहीत. त्यांनी रिकामा डबा नळावर धुतला, पदरानं पुसला आणि दुपारच्या गाडीनं निघून गेल्या.

त्याच हिवाळ्यात एका संध्याकाळी मी घरी निघाले होते. मैदानावरून शिट्टीचा आवाज येत होता, पण विचित्र. बारीक, लांबलेला, थांबून थांबून. बघते तर सर खुर्चीवर, पाय पसरून, मान एका बाजूला कललेली, शिट्टी तोंडात. झोपले होते. श्वास बाहेर पडला की शिट्टी वाजायची. आणि मुली त्याच शिट्टीवर खेळत होत्या. फूऽ झालं की पळायचं, थांबलं की थांबायचं. कोणी आवाज करत नव्हतं. खोसुद्धा कुजबुजत देत होत्या. मला आधी हसू फुटलं. मग पायलनं ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलं आणि मी सरांचा चेहरा नीट पाहिला. डोळ्यांखाली काळं, गाल ओघळलेले, खिशातले शेंगदाणे मांडीवर सांडलेले. या माणसाला आपण सगळ्यांनी मिळून पिळून काढलं आहे, असं मला त्या दिवशी स्वच्छ वाटलं.

पुढच्याच आठवड्यात ते वर्गात चक्कर येऊन पडले. तालुक्याच्या डॉक्टरांनी तपासलं, आराम करा म्हणाले, घरी जाऊन राहा म्हणाले. सरांनी चार दिवस सुट्टी घेतली आणि दोनच दिवसांत परत आले. "गाडी चांगली हाय मॅडम. फक्त सेल्फ गेला. किक मारली का चालते."

जून आला. नवी आठवी मैदानात ओळीनं बसली. सर शेंगदाणे चघळत समोर उभे राहिले. मी व्हरांड्यात होतेच. नव्या मुलींनी नावं सांगितली, गावं सांगितली आणि गप्प बसल्या. सर थांबले. "आणखीन काही इचारायचं?" एकीनं विचारलं, खेळताना बांगड्या काढायच्या का. दुसरीनं विचारलं, अनवाणी चालेल का. तो प्रश्न कोणीच विचारला नाही.

सर दिवसभर अस्वस्थ होते. हिंदीच्या तासाला गणित शिकवू लागले. जुलै गेला, श्रावण लागला, तरी नव्या मुलींजवळ मुद्दाम रेंगाळत. पुढच्या जूनमध्येही तसंच झालं. पुन्हा नवी आठवी, पुन्हा बांगड्या, पुन्हा शांतता. मधल्या सुट्टीत ते माझ्यापाशी येऊन बसले. चहा निवून गेला तरी घेतला नाही.

"काहून इचारत नसतीन मॅडम?" म्हणाले. "मी आता गेलो काय आन् राह्यलो काय, पोरीइले काही फरक पडत नाही वाटते."

एवढा जाडजूड माणूस आणि आवाज असा की मला राहवेना. पायल आता दहावीत होती, संघाची कर्णधार. मी तिला बाजूला घेऊन विचारलं.

तिनं आधी इकडेतिकडे पाहिलं. "मॅडम, आमीच नव्यायले सांगून ठेवलं. काही बी इचारा, पण ते नका इचारू. इचारलं का सर थांबतेत."

"का गं? सर नको झाले का तुम्हाला?"

"पाहिजेत ना!" ती एकदम चिडून म्हणाली. "पण भाभीले बी पाहिजेत." मग पायाच्या अंगठ्यानं माती उकरत म्हणाली, "इचारणाऱ्यातली मीच शेवटची हाय. माही दहावी झाली का ते मोकळे."

ज्या शाळेत दर वर्षी सर बदलत, तिथल्या मुलींना एकदाच एक सर टिकलेले मिळाले होते. आणि त्यांनी बसून ठरवलं होतं की आता ते परत द्यायचे.

मी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी शिट्टीच्या रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं. मग रुमालानं तोंड पुसलं, उगाच जास्तच पुसलं. "अस्सं हाय तर," म्हणाले. आणि रुमाल खिशात कोंबत, "मंग गाडी दुरुस्त करून घ्या लागन मॅडम. पुसद लांब हाय."

पायल दहावी पास झाली. सरांची बदली झाली, पुसदच्या जवळ, घरून जाता येईल अशा शाळेत. निघायच्या दिवशी ते शेवटचे मैदानावर आले. नवे सर आदल्याच दिवशी रुजू झाले होते, भूगोलाचे, कंत्राटी, कोवळे. मिशा अजून नीट फुटायच्या होत्या. रज्जाक सरांनी शिट्टी गळ्यातून काढून पाण्यानं धुतली आणि त्यांच्या गळ्यात घातली. ओळीतून एक बारकी पोर उभी राहिली. सरांसाठी घातलेली बंदी उठली होती.

"सर, तुमी किती दिवस?"

नव्या सरांनी गोंधळून रज्जाक सरांकडे पाहिलं. रज्जाक सर त्यांच्या कानापाशी झुकले, पण कुजबुजणं त्यांना कधी जमलंच नाही, म्हणून सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. "खरं सांगजा. नाहीतर फसान माह्यासारखे."

"अकरा महिने," नवे सर म्हणाले.

पोरीनं क्षणभर विचार केला. "बरं. मंग लवकर लवकर शिकवा."

फाटकापाशी गाडी उभी होती. मागे पिशव्या, शेवंताबाईंनी दिलेली तिखटाची बरणी, कोणाच्या तरी घरचा मोहाच्या फुलांचा पुडा. मुली रोजच्यासारख्या गाडीमागे जमल्या. पायल मुद्दाम आली होती, नवा ड्रेस घालून, सगळ्यांच्या मध्ये उभी. सर गाडीवर बसले आणि त्यांनी किक मारली.

गाडी पहिल्याच किकला सुरू झाली. भावानं येऊन अशी झकास दुरुस्त करून दिली होती की आवाजसुद्धा गोड लागत होता. मुलींचे हात पुढे आलेले तसेच राहिले. पायल हात मागे घेऊन ड्रेसला पुसू लागली.

सरांनी मागे वळून त्या सगळ्या हातांकडे पाहिलं. मग हळूच चावी फिरवली. इंजिन बंद पडलं.

"नाही होत बा सुरू," ते पुढे तोंड करून म्हणाले. "मारा धक्का."

मुलींनी धक्का मारला. नाल्याचा पूल आला, रोज जिथं इंजिन खोकायचं तो. सरांनी चावीला हात लावला नाही. मुलीही थांबल्या नाहीत. पूल ओलांडून, चढ चढून, सागाच्या वळणापर्यंत त्या त्यांना ढकलत घेऊन गेल्या.